मिठामागून पाणी
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत नायगाव येथे दिलेले व्याख्यान)



जुलाब-उलट्यांनी गळून गेलेले मूल घेऊन आलेले माता-पिता आम्हांस विनवितात, "डॉक्टरसाहेब, नुसते मीठ-साखरेचे पाणी काय देता? सलाईन लावा." त्या विनवणीमागील काळजी आम्ही जाणतो. म्हणूनच त्या साध्या पाण्याचे शास्त्र आज आपणांपुढे मांडतो.

कैरीच्या फोडींना मीठ लावले की त्यांना पाणी सुटते. उलट, बेदाणे साध्या पाण्यात घातले की टम्म फुगतात. पेशीचे पातळ पटल पाण्याला वाट देते, मीठ-साखरेला सहजी देत नाही. विरघळलेले पदार्थ ज्या बाजूस अधिक, त्या बाजूस पाणी ओढले जाते. यालाच परासरण म्हणतात. रक्तातील तांबड्या पेशी शुद्ध पाण्यात फुगून फुटतात, तर तीव्र खारट पाण्यात आक्रसतात. सलाईनमध्ये १०० मिलिलीटरला ०.९ ग्रॅम मीठ असते, ते हा तोल राखण्यासाठीच.

जुलाबात आतड्यातून क्षार वाहून जातात आणि त्यांच्यामागून पाणी. परंतु त्याही अवस्थेत आतड्याच्या पेशी ग्लुकोज व सोडियम जोडीने आत घेतात, आणि पाणी त्यांच्यामागून आत येते. साखर येथे गोडीसाठी नसून मिठाची सोबतीण आहे.

१९७१ साली बांगलादेशातील निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधील बनगाव येथे, पटकीची साथ पसरली व सलाईनचा साठा संपत आला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे पाणी पाजण्याचा निर्णय घेतला. ते पाजले बहुतांशी रुग्णांच्या नातेवाइकांनीच! सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण तेथे ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण प्रदान झाले.

मात्र येथे प्रमाण हेच औषध आहे. लवकर गुण यावा म्हणून अख्खी पुडी पेलाभर पाण्यात कालवली, तर ते दाट पाणी शरीरातलेच पाणी आतड्यात ओढते व जुलाब वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००२ साली हे मिश्रण पूर्वीपेक्षा सौम्य केले. पुडीवर लिहिले असेल तितकेच स्वच्छ पाणी घ्यावे. पुडी नसल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे आणि घोट-घोट पाजत राहावे. मूल ग्लानीत गेले, पिईनासे झाले वा उलट्या थांबेनात, तर मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे सलाईन अपरिहार्य असते.

देणगीदारांच्या औदार्यातून आमच्या खाटा उभ्या राहतात. परंतु पुष्कळ मुलांना त्या खाटेची गरजच पडू नये, हे घरातल्या चमच्याच्या हाती आहे. तो चमचा नीट मोजला जावा, एवढेच आजचे मागणे.