घाटाचा उतार आणि स्वयंचलित मोटार



ज्या मोटारींत क्लचचें पेडल नसतें आणि गिअर आपोआप बदलतात, ती स्वयंचलित मोटार एके काळीं श्रीमंतांची चैन समजली जाई. आतां ती मध्यमवर्गीय कुटुंबांच्या दारांतहि उभी दिसते. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यांत तर तिचा परिचय अधिकच निकटचा आहे. पिंपरीस टेल्कोचा कारखाना १९६६ सालीं स्थापन झाला, २००९ सालीं चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, आणि त्याच सुमारास महिंद्र व मर्सिडीज यांनींहि तेथें बस्तान बसविलें. जेथें गाड्या घडतात, तेथें घरोघरीं गाडीचें ज्ञानहि तितकेंच असेल, असा समज होणें स्वाभाविक आहे. परंतु गाडीचा दांडा ‘पी’ वरून ‘डी’ वर आणावा आणि मुक्कामीं पोंचल्यावर पुन्हा ‘पी’ वर न्यावा, एवढ्यावरच पुष्कळांची विद्या संपते. ‘डी’ च्या शेजारीं ‘एल्’, ‘२’, ‘एस्’ किंवा ‘एम्’ अशीं जीं चिन्हें असतात, तीं कशासाठीं आहेत हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. सपाट रस्त्यावर तो न विचारल्यानें कांहीं बिघडत नाहीं. घाटांत मात्र बिघडतें.

आणि घाट तर या पट्ट्याच्या दाराशींच आहे. किवळ्यास, किंवा चाकणहून तळेगांवास येऊन, द्रुतगति मार्ग धरला कीं तासाभराच्या आंत खंडाळा येतो आणि तेथून रस्ता बोरघाटांतून खोपोलीकडे उतरूं लागतो. या उतारांत मोटार सुमारें ५०० मीटर खालीं येते. माणसें व सामान यांसह १२०० किलो वजनाची गाडी इतकी खालीं आली म्हणजे जी शक्ति मोकळी होते, ती सर्व उष्णतेच्या रूपानें मिळाली तर सुमारें १८ लिटर साधें पाणी उकळीस येईल. न्हाणीघरांतील एक मोठी बादली भरून उकळतें पाणी! गाडीचा वेग वाढूं द्यावयाचा नाहीं, तर ही उष्णता कोठें तरी जिरवलीच पाहिजे. वाऱ्याचा व रस्त्याचा विरोध तिचा कांहीं भाग घेतो. बाकीची सारी, चालकानें ब्रेकवर पाय ठेवूनच घाट उतरला तर, चाकांतील लहानशा तबकड्यांत आणि ब्रेकच्या पट्ट्यांत सांठते.

याचा परिणाम दोन प्रकारें होतो. एक म्हणजे अति तापलेल्या पट्ट्यांची पकड सैल पडते. करपट वास येतो आणि पाय अधिकाधिक दाबूनहि गाडी पूर्वीसारखी थांबत नाहीं. दुसरा प्रकार अधिक घातक. ब्रेकच्या नळ्यांतील द्रव हवेंतील ओलावा शोषून घेतो. ‘डॉट ४’ जातीचा नवा द्रव निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाहीं. पण त्यांत पाणी मुरलें कीं ही मर्यादा १५५ अंशांच्या आसपास उतरूं शकते. द्रव उकळून त्याची वाफ झाली म्हणजे पेडल पोकळ लागतें आणि पायाचा जोर चाकांपर्यंत पोंचतच नाहीं. ब्रेक ‘फेल’ झाले असें आपण ज्यास म्हणतों, त्यांतील कित्येक वेळां ब्रेक मोडलेले नसतात. त्यांच्याकडून त्यांच्या शक्तीबाहेरचें काम करवून घेतलेलें असतें.

या कामांत ब्रेकांस भागीदार मिळतो तो इंजिनाचा. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला असतां चाकेंच इंजिनास फिरवूं लागतात. पेट्रोलच्या इंजिनाचा हवेचा मार्ग अशा वेळीं जवळजवळ बंद असतो. दट्ट्यांस निर्वात पोकळीशीं झगडत हालावें लागतें, आणि हा झगडा गाडीचा वेग आवरून धरतो. गिअर जितका खालचा, तितके इंजिनाचे फेरे अधिक आणि तितका हा अटकाव मोठा. डीझेलच्या साध्या इंजिनांत हवेचा मार्ग असा बंद होत नसल्यानें हा गुण कमी असतो. म्हणून मोठ्या मालमोटारींस धुराच्या नळीतील निराळा अटकाव बसवितात. ज्या गिअरांत घाट चढावा त्याच गिअरांत तो उतरावा, हा जुन्या ड्रायव्हर मंडळींचा नियम याच अनुभवांतून आला आहे.

मग स्वयंचलित मोटार हा नियम आपण होऊन कां पाळीत नाहीं? कारण तिला बहुधा घाट दिसत नाहीं. तिला पायाचा दाब आणि चाकांचा वेग एवढेंच कळतें. उतारावर चालक पाय उचलतो आणि वेग तर वाढत असतो. यावरून यंत्र असा अर्थ काढतें कीं, आतां जोराची गरज उरली नाहीं, वरचा गिअर घ्यावा. म्हणजे इंजिनाचा आधार जेथें सर्वांत हवा, तेथेंच तें तो काढून घेतें. कांहीं नव्या गाड्या उतार ओळखून खालचा गिअर धरतात, पण सर्वच नव्हेत. ‘एल्’, ‘२’ किंवा ‘एम्’ यांचें प्रयोजन हेंच, कीं यंत्रास न दिसणारी गोष्ट चालकानें त्यास सांगावी.

रीत कठीण नाहीं. उतार लागण्यापूर्वींच ब्रेकनें वेग कमी करावा आणि मग दांडा खालच्या गिअरवर आणावा. वेगांत असतांना एकदम आणूं नये, विशेषतः पावसाळ्यांत ओल्या रस्त्यावर, कारण हिसका बसून चाकें घसरण्याचा संभव असतो. जेथें अधिक-उणे अशीं चिन्हें आहेत, तेथें एकेक पायरी उतरावें. इंजिनाचा आवाज चढेल आणि कांटा ३००० किंवा ४००० फेरे दाखवील; लाल रेषेच्या आंत असेपर्यंत त्यानें इंजिनास अपाय होत नाहीं. तरीहि वेग वाढूं लागला तर ब्रेक जोरानें पण थोडा वेळ दाबावा आणि सोडून द्यावा, म्हणजे तबकड्यांस निवण्यास अवकाश मिळतो. इंजिनानें वेग कमी होतो तेव्हां मागचे लाल दिवे लागत नाहींत, म्हणून मागून कोणी निकट येत असेल तर ब्रेकला हलकासा स्पर्श करून त्यास सूचना द्यावी. घाट चढतांना वाहनांची रांग थांबली, तर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरूं नये. ज्यांत साधा क्लच यंत्रानेंच चालविला जातो, त्या स्वस्त जातीच्या स्वयंचलित गाड्यांचा क्लच अशानें जळतो. तेथें ब्रेकच लावावा.

काटकसरीच्या नांवाखालीं उतारावर गाडी ‘न्यूट्रल’ मध्यें सोडण्याची संवय मात्र सर्वस्वीं त्याज्य आहे. हल्लींच्या इंजिनांत, गिअर लागलेला असतांना पाय उचलला कीं इंधनाचा पुरवठाच थांबतो. उलट न्यूट्रलमध्यें इंजिन चालू ठेवण्यासाठीं इंधन खर्च होतें. म्हणजे बचतहि नाहीं आणि आधारहि नाहीं. इंजिन बंद केलें तर ब्रेकला मिळणारें साहाय्य हळूहळू संपतें आणि स्टीअरिंगहि जड होतें. पुण्याच्या कात्रज बोगद्यापुढील उतारावर, नवले पुलापाशीं, नोव्हेंबर १९२२ नव्हे तर २०२२ मध्यें एका अवजड वाहनानें अनेक गाड्यांस धडक दिली, तेव्हां या संवयीचीच चर्चा झाली.

बोरघाटानें हा धडा मोटारींच्या कितीतरी आधीं रेल्वेस शिकविला होता. १८६३ सालीं तेथून आगगाडी सुरू झाली, तेव्हां उतार होता ३७ फुटांस १ फूट. आवरेनाशी झालेली गाडी अडविण्यासाठीं तेथें बाजूस चढत जाणारी रुळवाट बांधलेली आहे. पुढें १९३० च्या सुमारास विजेचीं इंजिनें आलीं, तीं उतरतांना आपल्या यंत्रांकडूनच वीज निर्माण करवून गाडीचा वेग आवरीत. आजच्या विजेच्या मोटारी हेंच तत्त्व वापरतात. मात्र बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर हा अटकाव कमी पडतो, हें त्यांच्या चालकांनीं घाट उतरण्यापूर्वीं ध्यानांत ठेवावें.

तात्पर्य, स्वयंचलित गिअरनें चालकाचे श्रम कमी केले आहेत, त्याची जबाबदारी नव्हे. पुढें वळण आहे, उतार लांब आहे, गाडींत मुलें-माणसें बसलीं आहेत, हें यंत्रास ठाऊक नसतें. तें चालकास ठाऊक असतें. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकांत आपल्या दांड्यावरील प्रत्येक चिन्हाचा अर्थ दिलेला असतो. तो वाचून, एखाद्या लहानशा उतारावर खालच्या गिअरची संवय करून घ्यावी, आणि मगच कुटुंबासह खंडाळ्याचा घाट उतरावा.