वैयावृत्त्याला शिक्षणाची जोड



जैन धर्मात वैयावृत्त्य हे अभ्यंतर तप मानले आहे. वृद्ध व रुग्णांची सेवा घरोघरी श्रद्धेने होते. परंतु ती कशी करावी, हे सुनेला वा मुलाला कोणी शिकवीत नाही. ज्ञानावाचून केलेल्या सेवेत सेवा करणाराच खचतो.

या दृष्टीने पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळाचे कार्य अनुकरणीय आहे. मधुसूदन शेंडे व शरच्चंद्र पटवर्धन यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या मंडळात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. सभांमधून शुभंकरांना तज्ज्ञांचे मार्गदर्शन लाभते आणि आपला अनुभव सांगून मनही हलके करता येते.

शिकण्याच्या गोष्टी साध्याच असतात. चालताना कंपवाताच्या रुग्णाचे पाऊल जागीच खिळले, तर त्याला ओढू नये. क्षणभर थांबवून आकडे मोजत पाऊल उचलायला सांगावे. गोळीची वेळ टळू देऊ नये. घरातील आजी चौविहार पाळत असतील, तर सायंकाळनंतरच्या औषधाविषयी डॉक्टरांशी आधीच बोलावे.

सणसवाडीत कारखान्यांच्या पाळ्यांमुळे वृद्धांचा भार बहुधा घरातील एकाच व्यक्तीवर पडतो. तिला वारंवार पुणे गाठणे कसे जमावे? म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने दरमहा एक दुपार शुभंकरांसाठी राखावी, जाणकार परिचारिकेस पाचारण करावे आणि तेवढा वेळ त्यांच्या घरच्या वृद्धांजवळ समाजातील तरुणांनी बसावे. सेवा करणाऱ्याची सेवा, हेही वैयावृत्त्यच होय.

जय जिनेंद्र!