वाटेतले पाणी

लांबच्या प्रवासाचा आराखडा करावयास बसले म्हणजे माणसाचे लक्ष प्रथम रस्त्यांकडे जाते. नकाशावरील तांबड्या रेषांवरून बोट फिरते, गावांमधील अंतरे मोजली जातात आणि दिवसाकाठी किती मजल मारता येईल याचा हिशेब होतो. वाटेत लागणारा पाण्याचा निळा पट्टा मात्र बोट सहज ओलांडून जाते. तो इतका अरुंद दिसतो की, त्याच्यासाठी निराळा विचार करावा असे कोणास वाटत नाही. वस्तुतः अनेक देशांतून जाणाऱ्या प्रवासाचे यशापयश पुष्कळदा या निळ्या पट्ट्यावरच ठरते.

चेन्नईतील एखाद्या कुटुंबाची कल्पना करावी. मुलांच्या सुट्टीचे तीन आठवडे हाताशी आहेत. जर्मनीत गाडी भाड्याने घ्यावी, उत्तरेस डेन्मार्क आणि स्वीडन पाहावेत, मग दक्षिणेकडे वळून फ्रान्समध्ये यावे आणि खाडी ओलांडून इंग्लंडचे दर्शन घेऊन परतावे, असा बेत आहे. या बेतात रस्ता हजारो किलोमीटरांचा आहे आणि पाणी जेमतेम काही तासांचे. तरीही नियोजनाचा आरंभ पाण्यापासून करावा, हा धडा घेण्यासाठी या कुटुंबास युरोपात जाण्याची गरज नाही. तो त्यांच्याच शहरातील एग्मोर स्थानकावर मिळण्यासारखा आहे.

एग्मोरहून रामेश्वरमला जाणाऱ्या एका गाडीला लोक आजही 'बोट मेल' म्हणतात. या नावामागे एका संपूर्ण प्रवासव्यवस्थेचा इतिहास आहे. प्रारंभी मद्रासहून लंकेस जाणारा उतारू आगगाडीने तुतिकोरिनपर्यंत जाई आणि तेथून आगबोटीत रात्र काढून कोलंबो गाठी. १९१४ मध्ये पांबनचा पूल खुला झाला, रूळ रामेश्वरम बेटावरून धनुष्कोडीच्या टोकापर्यंत पोहोचले आणि समुद्रातील वाट सुमारे २२ मैलांवर, म्हणजे पस्तीसएक किलोमीटरांवर आली. मद्रासला काढलेल्या एकाच तिकिटावर कोलंबोपर्यंत जाता येत असे. धनुष्कोडीच्या धक्क्यावर गाडी थांबे आणि उतारू सामानासह बोटीत चढत. पलीकडे तलैमन्नारच्या धक्क्यावर लंकेची गाडी उभी असे. इकडचे रूळ मीटर मापाचे आणि तिकडचे रुंद मापाचे असल्यामुळे गाडी बदलणे अटळच होते. म्हणून दोन्ही तीरांवरील वेळापत्रके बोटीच्या वेळेस बांधलेली असत. गाडीसाठी बोट नव्हे, तर बोटीसाठी गाडी, असा त्या व्यवस्थेचा क्रम होता.

या वाटेने सगळेच हौसेने जात नव्हते. लंकेच्या चहामळ्यांवर कामास जाणारी तमिळ कुटुंबे याच मार्गाने गेली. अलीकडच्या तीरावर मंडपम येथे लंका सरकारची विलगीकरण छावणी होती. मजुरांची आरोग्यतपासणी तेथे, भारतीय भूमीवरच, पुरी होई आणि मगच त्यांना बोटीकडे जाऊ देत. परदेशाची सरहद्द पलीकडच्या किनाऱ्यावर असली, तरी तिचा दरवाजा अलीकडेच लागतो, ही गोष्ट त्या मजुरांना ठाऊक होती.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळाने आणि त्याच्याबरोबर चढलेल्या समुद्राने धनुष्कोडी गाव पुसून टाकले. पांबनहून तेथे निघालेली उतारूंची गाडी शंभराहून अधिक माणसांसह लाटांखाली गेली. पांबनच्या पुलाचीही मोठी हानी झाली. ई. श्रीधरन या तरुण अभियंत्याच्या देखरेखीखाली तो अवघ्या ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला. परंतु धनुष्कोडीचा धक्का पुन्हा कधीच उभा राहिला नाही. बोट रामेश्वरमहून सुटू लागली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला होता. त्यानुसार भारतीय नागरिकत्व मिळालेली मळेकरी कुटुंबे पुढे याच बोटीने तलैमन्नारहून परत येऊ लागली. १९८४ मध्ये लंकेतील यादवीमुळे ही बोटही बंद पडली. कागदपत्रे हातात असलेली हजारो माणसे पलीकडेच अडकली. त्यांच्यापुरते रस्ते मोकळे होते, रूळही होते. मधले थोडेसे पाणी तेवढे ओलांडता येत नव्हते.

त्यानंतर दोन्ही तीरांवर पुष्कळ बांधकाम झाले. तलैमन्नारचा उद्ध्वस्त लोहमार्ग भारताच्या साहाय्याने २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१७ मध्ये धनुष्कोडीच्या पुढे भूमीच्या टोकापर्यंत पक्की सडक गेली आणि एप्रिल २०२५ मध्ये पांबनचा नवा पूल खुला झाला. बोटीची कथा निराळी आहे. २०११ मध्ये तुतिकोरिन ते कोलंबो ही जलसेवा निघाली आणि काही महिन्यांत थांबली. ऑक्टोबर २०२३ मध्ये नागपट्टिनम ते कांकेसंथुरै अशी उतारूंची बोट सुरू झाली; ईशान्य मोसमी पाऊस तोंडावर असल्याने तीही काही दिवसांतच थांबवावी लागली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा निघाली. पूल बांधण्यास पैसा आणि कौशल्य पुरते. बोट चालू राहण्यास यांखेरीज ऋतूची अनुकूलता आणि दोन शेजाऱ्यांमधील विश्वास यांचीही गरज लागते.

युरोपकडे दृष्टी वळविली म्हणजे हा फरक स्पष्ट दिसतो. डोव्हर आणि फ्रान्स यांच्यामधील सामुद्रधुनीची किमान रुंदी सुमारे ३३ किलोमीटर आहे, म्हणजे धनुष्कोडीच्या बोटवाटेहून फारशी निराळी नाही. तेथे मात्र मोटारी पोटात घेऊन जाणाऱ्या बोटी दिवसरात्र ये-जा करतात आणि १९९४ पासून समुद्राखालील बोगद्यातून आगगाडीवर चढवूनही मोटार पलीकडे नेता येते. जर्मनीतील पुटगार्डन आणि डेन्मार्कमधील रोडबी यांच्यामध्ये १९६३ पासून फेरीबोट आहे. ती पाऊण तासात पैलतीर गाठते. या बोटीत एके काळी संपूर्ण आगगाडीच शिरत असे. ती प्रथा २०१९ मध्ये संपली आणि आता तेथे समुद्राखालून बोगदा बांधला जात आहे. डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामध्ये २००० सालापासून पूल आहे, तरीही हेलसिंगोर आणि हेलसिंगबोर्ग यांच्यामधील वीस मिनिटांची बोट बंद पडलेली नाही. एक वाट अडली तर दुसरी उघडी राहावी, ही सोय तेथे आहे.

म्हणून चेन्नईतील त्या कुटुंबाने कागदावर प्रथम पाण्याच्या वाटा लिहाव्यात. बोट कोणत्या ऋतूत किती वेळा सुटते, गाडीची लांबी आणि उंची यांनुसार भाडे किती पडते आणि सुटण्याच्या किती आधी गाड्या आत घेणे बंद होते, हे पाहावे. शेवटची बाब विशेष महत्त्वाची आहे, कारण बोट सुटण्याची वेळ आणि तिचे दार मिटण्याची वेळ या दोन भिन्न गोष्टी आहेत. बोटींचे दिवस ठरले म्हणजे त्यांच्या मधल्या जागेत रस्त्याची मजल बसवावी. स्वीडनमधील गोथेनबर्गहून जर्मनीतील कीलला रात्रीची बोट आहे. तिने परतल्यास एका रात्रीचा मुक्काम आणि चालकाची विश्रांती या दोहोंची सोय होते.

यानंतर कागदपत्रे. शेंगेन करारातील देशांसाठी एकच व्हिसा चालतो आणि १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येते. ज्या देशात मुक्काम सर्वांत अधिक, त्याच्याकडे अर्ज करावा लागतो, आणि तो प्रवासापूर्वी सहा महिन्यांच्या आत देता येतो. इंग्लंड या करारात नाही. त्याचा व्हिसा निराळा घ्यावा लागतो. येथेच पुष्कळांची फसगत होते. कॅले सोडून डोव्हरला जाणारा उतारू शेंगेनच्या बाहेर पडतो. त्याच्या व्हिसावर एकाच प्रवेशाची मुभा असेल, तर जर्मनीत गाडी परत करण्यासाठी त्याला पुन्हा फ्रान्सच्या भूमीवर पाऊल ठेवता येत नाही. एकाहून अधिक प्रवेशांची परवानगी अर्जातच मागावयास हवी. शिवाय इंग्लंडचे अधिकारी पारपत्राची तपासणी कॅलेच्या बंदरावर, फ्रेंच भूमीवरच करतात. मंडपमप्रमाणे येथेही दरवाजा अलीकडच्या तीरावर आहे, म्हणून बंदरावर वेळ राखून पोहोचावे.

आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना येथील प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळतो आणि तो एक वर्ष चालतो. गाडी भाड्याने देणाऱ्या संस्थेस कोणकोणत्या देशांत जावयाचे आहे आणि गाडी बोटीत चढवावयाची आहे, हे आधी सांगून लेखी संमती घ्यावी. संमतीवाचून नेलेल्या गाडीचा विमा ऐन वेळी निरुपयोगी ठरू शकतो. युरोपच्या मुख्य भूमीवर वाहने उजव्या बाजूने चालतात. डोव्हरला उतरताच मात्र भारताप्रमाणे डावी बाजू धरावयाची असते. गाडी जर्मनीची, तिचे चक्र डावीकडे आणि रस्ताही डावीकडचा, असा तो योग असतो. बोटीतून उतरल्यावर पहिला तासभर सावकाश जाणे शहाणपणाचे.

शेवटची सूचना साधी आहे. प्रत्येक मोठ्या जलप्रवासानंतर अर्धा दिवस आणि संपूर्ण प्रवासात एक दिवस रिकामा सोडावा. कोकणात दाभोळच्या खाडीवर फेरीबोटीसाठी गाड्यांच्या रांगेत थांबलेल्यास याचे कारण सांगावे लागत नाही. रस्ता अडला तर वळसा घालता येतो; बोट चुकली तर पुढच्या बोटीपर्यंत थांबावे लागते. हा रिकामा दिवस वाया गेला असे समजू नये. बोटी वेळेवर मिळाल्या, तर त्याच दिवशी मुलांना एखाद्या बंदराच्या धक्क्यावर निवांत नेता येईल, आणि त्यांच्या गावच्या गाडीला बोटीचे नाव का पडले, हेही तेथे सांगता येईल.