वैमानिकाचे कान

गुंजी-खानापूरच्या पट्ट्यात आषाढ एकदा लागला, की घरातील प्रत्येक वस्तूची परीक्षा सुरू होते. चामड्याला बुरशी येते, लोखंड गंजते, टॉर्चमधील सेल पाझरतात. बेळगावच्या सांबरा विमानतळावरील शिकाऊ वैमानिकाच्या हेडसेटचे वैरीही हेच. ती धावपट्टी १९४२ सालची, महायुद्धकाळातील. अलीकडच्या वर्षांत तेथे वैमानिकांचे शिक्षणही सुरू झाले.

लहान विमानात इंजिन वैमानिकाच्या पुढ्यातच धडधडत असते. आवाज नव्वद डेसिबलच्या वर सहज जातो. अशा गोंगाटात नियंत्रण-मनोऱ्याकडून आलेला एखादा आकडा चुकीचा ऐकला जाणे ही क्षुल्लक बाब नव्हे. शिवाय, सतत असा आवाज सोसणाऱ्या कानातील सूक्ष्म पेशी एकदा मेल्या, की पुन्हा उगवत नाहीत.

हेडसेट हा आवाज दोन रीतींनी अडवितो. कानाभोवती घट्ट बसणारी गादी तीव्र स्वर रोखते. पण इंजिनाची खर्जातील घरघर तिला दाद देत नाही. तेथे दुसरी युक्ती लागते. कानाजवळचा मायक्रोफोन ती घरघर टिपतो आणि आतील यंत्रणा तिच्या नेमकी उलट ध्वनिलहर निर्माण करते. दोन लहरी एकमेकींना पुष्कळ अंशी मारतात. अमेरिकेत जन्मलेल्या, पण पित्याकडून बंगाली असलेल्या अमर बोस यांनी १९७८ साली एका विमानप्रवासात या युक्तीचे गणित मांडावयास घेतले. १९८६ साली वाटेत कोठेही न उतरता पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या ‘व्हॉयेजर’च्या वैमानिकांनी असे प्रायोगिक हेडसेट वापरले, आणि १९८९ साली ते बाजारात आले.

यंत्र महाग, पण बिघाड बहुधा साधे असतात. घामाने गादी कडक होते अथवा चिरते. त्या फटीतून आवाज आत शिरतो, आणि दोष मात्र यंत्रणेस दिला जातो. चष्म्याची जाड काडीही अशीच फट पाडते. वायर तुटते ती बहुधा प्लगच्या तोंडाशी, कारण हेडसेट काढताना प्लग न धरता वायरच ओढली जाते. आवाज तुटक येऊ लागला, तर प्रथम प्लग स्वच्छ करून पाहावेत. बॅटरी संपली, तरी बहुतेक हेडसेटांतून बोलणे-ऐकणे चालूच राहते. केवळ घरघर वाढते.

गाद्या, मायक्रोफोनवरील स्पंजाची टोपी व सेल वैमानिकास स्वतः बदलता येतात. तुटलेल्या वायरीस कुशल कारागीर डाग देऊ शकतो. आतील यंत्रणा मात्र उत्पादकाकडेच पाठवावी. म्हणूनच खरेदीच्या वेळी किमतीइतकीच एक गोष्ट विचारावी : सुटे भाग किती वर्षे मिळतील? दुरुस्त केलेला हेडसेट प्रथम जमिनीवर, इंजिन चालू ठेवून पारखावा.

पावसाळ्यात उड्डाणे थांबली, की सेल काढून, गाद्या पुसून हेडसेट कोरड्या डब्यात ठेवावा. एवढी निगा राखली, तर तो पुष्कळ वर्षे साथ देतो. गादी नवी मिळते, वायरही नवी मिळते. कान मात्र जन्मतः मिळालेल्या जोडीवरच भागवावे लागतात.