शेळीला वरचे दात किती?
(मंडळीच्या सभेत केलेले भाषण)



जव्हार-मोखाडा भागातील पाड्यांवर आपल्या मदतीने चालणाऱ्या बालवर्गांविषयी मी आज बोलणार आहे, आणि तेही एकाच गोष्टीविषयी : मुलांचे दात. विषय लहान वाटेल. पण रात्रभर दाढ ठणकली की मूल झोपत नाही, नीट जेवत नाही. ज्याचे वजन मुळातच कमी आहे, त्या मुलाला हे परवडत नाही.

घरी वारली, कोकणा किंवा कातकरी बोलणाऱ्या चार-पाच वर्षांच्या मुलांपुढे ‘दंत आरोग्य’ म्हणून काय उपयोग? म्हणून आम्ही दारातल्या शेळीपासून सुरुवात करतो. “शेळीला वरचे पुढचे दात किती?” कुणी चार म्हणते, कुणी दहा. मग मालकाने शेळी धरून तिचा ओठ हळूच वर केला की मुले ओरडतात, “एकपण नाय!” तिथे नुसती कडक हिरडी असते. खालचे आठ दात त्या हिरडीवर दाबून ती पाला तोडते आणि दाढांनी रवंथ करते. कुत्र्याचे सुळे मांस फाडायला. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, कुरतडून ते झिजतात. कोंबडीला तर दातच नाहीत. तिने गिळलेले बारीक खडे पोटात दाणे भरडतात. देवाने ज्याला जसे अन्न, तसे दात दिले.

मग मुलांच्या हाती आरसा देतो. आपल्या तोंडात कापणारे, फाडणारे, दळणारे असे सगळेच दात! दुधाचे २०, मोठेपणी ३२. पण उंदराचा दात झिजला तर पुन्हा वाढतो. आपल्या दाताला किडीने पडलेले भोक आपोआप भरत नाही. चिकट बिस्किटे, गोळ्या खाल्ल्या की दातांवर राहिलेल्या गोडाचे जंतू आम्ल करतात आणि दात पोखरला जातो. म्हणून खाल्ल्यावर चूळ भरायची, आणि सकाळी व झोपण्यापूर्वी वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घेऊन ब्रश करायचा.

खरे काम आयांबरोबर आहे. “दुधाचे दात, पडणारच आहेत,” असे त्या म्हणतात. पण साधारण सहाव्या वर्षी सर्वांत मागे जी दाढ येते, ती कोणताही दात न पडता येते. त्यामुळे तीही दुधाचीच वाटते. ती कायमची असते! ती किडली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. काही घरांत दुखऱ्या दाढेवर मशेरी लावतात. ती तंबाखूच आहे. मुलाला तिची सवय लागते आणि कीड तशीच राहते. हे आम्ही न रागावता, पुन्हा पुन्हा सांगतो.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते, त्यात दातही पाहतात. त्या दिवशी मूल हजर राहावे म्हणून आमच्या ताई आदल्या संध्याकाळी घरोघर जातात.

आपल्याकडे मागणे एवढेच. ब्रश तीन-चार महिन्यांत बदलावा लागतो, म्हणजे एका मुलाला वर्षाला चार लहान ब्रश. आपल्या घरातील मुलांसाठी ब्रश घ्याल तेव्हा पाड्यावरच्या एका मुलासाठीही घ्या. आणि या मुलांना, त्यांच्या आयांना व आमच्या ताईंना प्रार्थनेत आठवा.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.