हातात बूम, पण नेमणूकपत्र कुठे?



केडगावकरांनी मला दौंड-शिरूरच्या पत्रकारांच्या या मेळाव्याचं अध्यक्षपद दिलं. अध्यक्षाने आढावा घ्यायचा असतो. 1972 साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं, 2000 साली ई-टीव्ही मराठी आली, 2007 पासून मराठी बातम्या चोवीस तास झाल्या. आढावा इथंच थांबवतो. मला पांडुरंग रायकरांविषयी बोलायचं आहे, आणि ते बरीच वर्षं मनात साचलेलं आहे.

रायकर टीव्ही नाइन मराठीचे पुण्याचे प्रतिनिधी. 2 सप्टेंबर 2020 रोजी पुण्याच्या जम्बो कोविड रुग्णालयात ते कोरोनाने गेले. वय अवघं 42. दुसरीकडे हलवण्यासाठी कार्डियाक रुग्णवाहिका हवी होती. सहकारी फोनमागून फोन करत राहिले, ती वेळेत मिळाली नाही. मग चौकशीचे आदेश निघाले. पुण्यासारख्या शहरात, सगळ्या कचेऱ्यांत ओळख असलेल्या बातमीदाराची ही गत! मग खुटबावच्या, न्हावऱ्याच्या स्ट्रिंगरला, म्हणजे बातमीमागे पैसे मिळणाऱ्या बातमीदाराला, कोण विचारणार?

आपण बसलोय ते केडगाव पंडिता रमाबाईंचं. 1897 च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी रुग्णालयात बायकांचे काय हाल होतात, ते त्यांनी वर्तमानपत्रात उघडपणे लिहिलं. सरकारने ते खोटं ठरवायला पाहिलं. पण रमाबाईंच्या पाठीशी स्वतःची संस्था होती. आपल्या पाठीशी काय आहे?

सकाळच्या परिसंवादात टीव्ही संपला का, मोबाइल जिंकला का, यावर तावातावाने बोलणं झालं. माझ्या मते तो वादच गैरलागू आहे. कोरोनात मी कोविड सेंटरच्या दारात बूम, म्हणजे वाहिनीचा माइक, धरून उभा होतो. डेस्कचा फोन आला, "आत जाऊन व्हिज्युअल पाठवा." मी विचारलं, "मला काही झालं तर?" उत्तर आलं, "तुम्ही आमचे कर्मचारी नाही, बातमीवर पैसे मिळतात तुम्हाला." मी आत गेलो, फीड पाठवलं, ते दिवसभर चाललं. मोबाइलवरच्या वाहिनीनेही मला तेच उत्तर दिलं असतं. पडदा लहान असो की मोठा, आत जाणाऱ्या माणसाचं नाव कोणाच्याच हजेरीपटावर नसतं.

1955 चा श्रमिक पत्रकार कायदा वृत्तपत्रांपुरता होता. 2017 चा राज्याचा कायदा हल्ल्यापासून संरक्षण देतो, आजारपणापासून नाही. रायकर गेले त्याच सप्टेंबरात संसदेने मंजूर केलेल्या कामगार संहितेत पत्रकाराच्या व्याख्येत टीव्हीचा पत्रकारही आला. चांगलं झालं. पण आपण कुणाचे कामगार आहोत हे कागदावरच नसेल, तर ती व्याख्या घेऊन कोणाच्या दारात जायचं?

रायकरांना श्रद्धांजली वाहणारे फलक खूप लागले. मला फलक नकोत. तालुक्यातल्या स्ट्रिंगरांची नोंद करायची, विम्यासाठी निधी उभारायचा, वकील मित्रांशी बोलायचं, एवढं माझ्या डोक्यात आहे. तपशील कार्यकारिणीने ठरवावा.

तोवर एक करा. पुढच्या वेळी कोणी बूम हातात दिला, तर तो घेण्याआधी नेमणूकपत्र मागा. एकट्याने मागितलंत तर काम दुसऱ्याला जाईल, म्हणून दोन्ही तालुक्यांतल्या सगळ्यांनी मिळून मागा.