वही आणि गळा

(मंडळाच्या वर्धापनदिनी संगीतवर्गातर्फे केलेले भाषण)



संगीतवर्गातर्फे मी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शास्त्र सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण घरकाम सांभाळून गाणे शिकणाऱ्या आपल्यासारख्या बायकांची एक अडचण आहे. ती आपसांत बोलावी म्हणून उभी राहिले आहे.

ही अडचण टंचाईची नाही, सुकाळाची आहे. एके काळी चिजा घराण्याबाहेर सहसा जात नसत. पंडित भातखंडे यांनी ठिकठिकाणच्या गवयांकडून त्या मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या, आणि त्यांच्या सहा भागांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'मुळे त्या घरोघरी पोचल्या. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि सामान्य घरांतल्या माणसांना गाणे शिकण्याची वाट मोकळी केली. या दोघांचे उपकार मोठे आहेत. आता त्यात मोबाईलची भर पडली. रागाचे नाव घालावे, की पन्नास गायक समोर हजर!

मग होते काय? स्वयंपाक आटोपल्यावर कसाबसा अर्धा तास हाती लागतो. त्यातली वीस मिनिटे चांगली चीज शोधण्यात जातात, सात ती वहीत उतरून घेण्यात, आणि गळ्याच्या वाट्याला उरतात तीन. वही भरते, गळा रिकामाच राहतो. वर्षाअखेरीस बाई म्हणते, "मला देवाने आवाजच दिला नाही," आणि वर्ग सोडते. अहो, आवाज असतो; त्याला वेळ मिळालेला नसतो. पाककृतींची पुस्तके कितीही जमवली, तरी लाटल्यावाचून पोळीवर हात बसत नाही, तसेच हे.

पुस्तक कुठवर साथ देते, त्याचे एक उदाहरण सांगते. भूप आणि देशकार हे दोन राग घ्या. दोहोंचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद दोहोंतही वर्ज्य. भूपाचा वादी गंधार, वेळ रात्रीच्या पहिल्या प्रहराची. देशकाराचा वादी धैवत, वेळ सकाळची. एवढे पाठ करायला पाच मिनिटे पुरतात आणि परीक्षेत गुणही मिळतात. पण गाताना गंधारावर किती विसावायचे, धैवत कसा उभा करायचा, हे अक्षरांत मावत नाही. ते गुरूच्या तोंडून ऐकावे, शंभरदा घोटावे, तेव्हा कुठे गळ्याला उमगते.

म्हणून पुस्तके माळ्यावर टाकावीत का? मुळीच नाही. शब्द विसरला, मात्रा चुकली, तर पुस्तकासारखा आधार नाही. थोरांचे गाणे ऐकल्याने कान तयार होतो. प्रश्न आहे तो आधी काय आणि मग काय, एवढाच.

अर्ध्या तासाची वाटणी मी अशी सुचवीन. पहिली पाच मिनिटे तंबोऱ्यावर नुसता षड्ज लावावा. पेटी सारखी बोटाखाली नको. तंबोऱ्यावर आपला स्वर आपल्यालाच शोधावा लागतो. पुढची दहा मिनिटे एकच पलटा: सारेग, रेगम, गमप. आधी संथ, मग दुपटीत. हाताने त्रिताल धरावा: पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली. जिथे अडखळतो तेवढेच स्वर वेगळे काढून घोटावेत. सबंध पलटा तसाच रेटला तर चूकच पक्की होते. त्यानंतरची दहा मिनिटे चालू चीज, वही मिटून. शेवटच्या पाचांत वही उघडावी आणि काय चुकले ते पाहावे. नवे गाणे ऐकायचे ते भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना. त्या अर्ध्या तासात नाही.

आपल्या वर्गासाठीही एक विनंती आहे. महिनाभर एकच राग ठेवावा. हातातली चीज वहीशिवाय येईपर्यंत नवी घेऊ नये. महिन्याच्या अखेरीस प्रत्येकीने ती एकटीने म्हणावी. समूहात आवाज लपतो. एकटीने म्हटले की आपले उणे आपल्याला कळते, आणि भीडही चेपते.

पुढच्या वर्धापनदिनी आपल्या वर्गाने दहा राग गावेत अशी माझी इच्छा नाही. प्रत्येकीने वही घरी ठेवून एक भूप नीट गायला, तरी वर्षाचे सार्थक झाले असे मी समजेन.